अर्जन सिंग: 'एक तास' आणि त्याच्या मागचीपुढची तीस वर्षं

प्रश्न असा आला आहे: "शाळेत मला मार्शल अर्जन सिंग यांच्यावर वीस मिनिटं बोलायचं आहे. सगळीकडे १९६५ च्या युद्धातला 'एका तासात' हा एकच प्रसंग सापडतो. तो खरा आहे का? आणि निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी त्यांना पाच तारे मिळाले, ते त्या एका युद्धासाठीच का?"

प्रसंग खरा आहे. अर्जन सिंग तेव्हा हवाई दल प्रमुख होते. पण पाच तारे, म्हणजे सैन्यातला सर्वोच्च हुद्दा, त्या एका संध्याकाळचे नाहीत. हवाई दलातली माझी बरीच वर्षं ऑपरेशन्स रूममध्ये गेली, आणि तिथे बसलेल्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते: विमान आज वेळेवर उडालं, तर त्याचं श्रेय पाच-सात वर्षांपूर्वी कोणीतरी केलेल्या कामाला असतं. अर्जन सिंगांची कारकीर्द या नजरेने पाहिली की ती नीट उलगडते. म्हणून जरा लांबून सुरुवात करतो.

त्यांचा जन्म १५ एप्रिल १९१९ चा, पंजाबातल्या लायलपूरचा, म्हणजे आजच्या पाकिस्तानातलं फैसलाबाद. घराणं फौजेतलं. शिक्षण माँटगोमेरी आणि मग लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात. पोहण्यात ते अव्वल होते. १९३८ मध्ये, पदवी पुरी व्हायच्या आधीच, इंग्लंडमधल्या क्रॅनवेलच्या रॉयल एअर फोर्स कॉलेजसाठी त्यांची निवड झाली. डिसेंबर १९३९ मध्ये कमिशन मिळालं तेव्हा वय २० आणि महायुद्ध सुरू होऊन चार महिनेही झाले नव्हते.

तेव्हाचं भारतीय हवाई दल किती लहान होतं ते डोळ्यांसमोर आणा. स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. पहिली स्क्वॉड्रन १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोडवर उभी राहिली. विमानं वापिती, म्हणजे एकावर एक पंखांच्या दोन जोड्या आणि उघडी कॉकपिट. याच नंबर एक स्क्वॉड्रनमध्ये अर्जन सिंग वायव्य सरहद्दीवर रुजू झाले. काम होतं टोळीवाल्यांविरुद्धच्या मोहिमांत लष्कराला साथ देण्याचं.

तिथला एक प्रसंग भाषणात जरूर घ्या, कारण तो फारसा कोणी सांगत नाही. १९४० मध्ये मिरानशाह आणि रझमकच्या टापूत खालून झालेल्या रायफलींच्या माऱ्यात त्यांच्या विमानाचं इंजिन गेलं. त्यांनी ते एका कोरड्या नदीपात्रात उतरवलं. तोंड समोरच्या पॅनेलवर आपटून नाकाला चांगलीच जखम झाली. मागे बसलेला गनर गुलाम अली धडधाकट होता. तो उडी मारून पळत सुटला, पण घाईत थेट टोळीवाल्यांच्याच दिशेने. अर्जन सिंग रक्ताळलेल्या चेहऱ्याने त्याच्यामागे धावले आणि त्याला वळवून आणलं. थोड्याच दिवसांत ते पुन्हा विमानात बसले. पुढे ज्या माणसाने हजारो लोकांना हुकूम दिले, त्याची अधिकारी म्हणून पहिली मोठी परीक्षा ही अशी होती: स्वतः जखमी, आणि आपला माणूस चुकीच्या बाजूला धावतोय.

सप्टेंबर १९४३ मध्ये, चोविसाव्या वर्षी, ते याच स्क्वॉड्रनचे प्रमुख झाले. विमानं आता हरिकेन होती. १९४४ च्या सुरुवातीला स्क्वॉड्रन इंफाळला गेली आणि मार्चमध्ये जपानी फौजांनी इंफाळला वेढा घातला. धावपट्टी वेढ्याच्या आत, रसद फक्त हवेतून, आणि टेहळणीला उडालेलं विमान परत येईल तेव्हा शत्रू आणखी किती जवळ आलेला असेल याचा भरवसा नाही. नंबर एक स्क्वॉड्रन या सगळ्यात तिथेच राहिली. टेहळणी करायची, सापडलेल्या जपानी तुकड्यांवर मारा करायचा, परत येऊन लष्कराला खबर द्यायची. लॉर्ड माउंटबॅटन यांनी इंफाळच्या विमानतळावर येऊन अर्जन सिंगांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस दिला, तो याच मोहिमेत.

माझ्या मते १९६५ समजून घ्यायचं असेल तर इंफाळ आधी समजून घ्यावं. लष्कराला हवाई मदत कधी आणि कशी लागते, खाली गर्द झाडी आणि धूळ असताना आपलं कोण आणि परकं कोण हे ओळखणं किती कठीण असतं, हे त्यांनी कागदावर वाचलं नव्हतं, वरून उडून पाहिलं होतं.

१९४५ मध्ये एका शिकाऊ वैमानिकाचा हुरूप वाढावा म्हणून त्यांनी केरळात एका घरावरून अगदी खालून विमान नेलं आणि चौकशीला सामोरं जावं लागलं. कारकीर्द त्यावर अडली नाही. मुलांना सांगायला हा प्रसंग बरा आहे, कारण भिंतीवरच्या तसबिरीतला दाढीवाला मार्शल एकेकाळी पंचविशीतला वैमानिक होता हे त्यातून कळतं.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी दिल्लीत लाल किल्ल्यावरून शंभराहून अधिक विमानांचं संचलन झालं. त्याचं नेतृत्व अर्जन सिंगांनी केलं. वय २८. त्याच सुमारास ते ग्रुप कॅप्टन म्हणून अंबाला स्टेशनचे प्रमुख झाले आणि १९४९ मध्ये एअर कमोडोर, म्हणजे लष्करातल्या ब्रिगेडियरच्या तोलाचे, म्हणून ऑपरेशनल कमांडचे. कमिशननंतर दहा वर्षांत एअर कमोडोर! आज ही गोष्ट अशक्य आहे. तेव्हा ती शक्य झाली कारण ब्रिटिश अधिकारी निघून गेले, फाळणीत माणसं, विमानं आणि तळ वाटले गेले, आणि वरच्या जागा भरायला अनुभवी भारतीय अधिकारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. बढती झपाट्याने मिळाली, पण तिच्यासोबत आलेली जबाबदारी त्या वयाला न पेलणारी होती. अनेक जण अशा वेळी दबून जातात.

आता भाषणांमध्ये हमखास गाळला जाणारा भाग. १९४९ ते १९५२ आणि पुन्हा १९५७ ते १९६१, असे दोन वेळा ते ऑपरेशनल कमांडचे प्रमुख होते. हीच कमांड पुढे वेस्टर्न एअर कमांड झाली. लढाऊ विमानांचा मोठा हिस्सा तिच्या हाताखाली होता. याच काळात हवाई दल पंख्याच्या विमानांवरून जेटवर आलं: व्हँपायर, तुफानी, मिस्टिअर, मग हंटर आणि कॅनबेरा. नवं विमान येणं म्हणजे फक्त वैमानिकाने नवं यंत्र शिकणं नव्हे. धावपट्टी लांब लागते. इंधन वेगळं लागतं. फिटर आणि शस्त्रं चढवणारे आर्मरर नव्याने शिकवावे लागतात. सुटे भाग कुठल्या डेपोत किती ठेवायचे ते ठरवावं लागतं. जमिनीवरून विमानांना दिशा देणारी रडारं आणि रेडिओ लागतात. यातलं एक जरी मागे पडलं तरी स्क्वॉड्रन कागदावर सोळा विमानांची आणि सकाळी उडणारी सहा, अशी अवस्था होते. सात-आठ वर्षं हा गाडा एका माणसाने ओढला. त्यावर चित्रं निघत नाहीत, पण सेनापतीची खरी मेहनत इथे असते.

१९६२ च्या चीन युद्धात लढाऊ विमानं वापरलीच गेली नाहीत. आपण बॉम्ब टाकले तर चीन कोलकात्यासारख्या शहरांवर टाकेल, ही भीती दिल्लीत होती. फक्त वाहतुकीची विमानं आणि हेलिकॉप्टरं राबली. हवाई दलातल्या त्या पिढीला हा सल फार काळ होता. युद्धानंतर अर्जन सिंग मुख्यालयात उपप्रमुखपदाच्या जबाबदाऱ्यांवर आले. १९६३ मध्ये 'शिक्षा' नावाचा संयुक्त हवाई सराव झाला, त्याचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. संरक्षणमंत्री तोवर बदलले होते. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं आपल्याकडे ज्यांच्याबद्दल म्हणतात ते यशवंतराव चव्हाण नोव्हेंबर १९६२ मध्ये दिल्लीला गेले होते. १ ऑगस्ट १९६४ रोजी अर्जन सिंग हवाई दल प्रमुख झाले. वय ४५.

मग तो 'एक तास'.

१ सप्टेंबर १९६५ च्या पहाटे पाकिस्तानने जम्मूच्या पश्चिमेला छांब भागात रणगाड्यांसह हल्ला चढवला. लक्ष्य होतं अखनूर. अखनूरचा पूल गेला असता तर जम्मूच्या पश्चिमेकडचं आपलं सैन्य अडकलं असतं. लष्करप्रमुख जनरल जयंतनाथ चौधरी दुपारी चारच्या सुमारास हवाई मदत मागायला आले. चव्हाणांनी अर्जन सिंगांना विचारलं, विमानं किती वेळात जातील? उत्तर आलं, एका तासात. चव्हाणांनी चर्चेत वेळ न घालवता परवानगी दिली. १९६२ मध्ये जो निर्णय आठवड्यांच्या युद्धात झाला नाही, तो इथे काही मिनिटांत झाला. मला विचाराल तर त्या दुपारचा अर्धा मान चव्हाणांचा आहे. सेनापती कितीही तयार असला तरी होकार देणारा मंत्री लागतोच.

पठाणकोटहून पहिली विमानं ५ वाजून १९ मिनिटांनी उडाली. या वेळेचा अर्थ जरा जवळून बघा. पठाणकोट ते छांब अंतर दीडशे किलोमीटरच्या आत, म्हणजे जेटला पोहोचायला जेमतेम पंधरा-वीस मिनिटं. पण सप्टेंबरच्या सुरुवातीला तिकडे पावणेसातच्या आसपास सूर्य मावळतो. त्या वेळच्या विमानांना रात्री रणगाडा शोधून मारता येत नव्हता. म्हणजे हुकूम मिळाल्यापासून अंधार पडेपर्यंत हातात अडीच तास, आणि त्यात विमानाला रॉकेटं चढवायची, तोफेच्या पट्ट्या भरायच्या, इंधन घ्यायचं, वैमानिकांना नकाशावर आपली आणि शत्रूची रेषा दाखवायची. ती रेषा तर दर तासाला सरकत होती. तळ आधीपासून सज्ज नसता तर हे जमलंच नसतं. 'एका तासात' हे उत्तर त्यांनी छाती फुगवून दिलेलं नव्हतं. पठाणकोटला काय उभं आहे आणि त्याला किती वेळ लागतो हे त्यांना ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी काय झालं तेही पूर्ण सांगा, अर्धं नको. व्हँपायर आणि मिस्टिअर विमानांनी रणगाडे आणि गाड्या फोडल्या, हल्ल्याचा वेग मोडला. पण चार व्हँपायर गमावली गेली. व्हँपायर जुनं झालं होतं, पाकिस्तानच्या सेबर या लढाऊ जेटपुढे त्याचा टिकाव लागणं अशक्य होतं. धुळीत आणि तिरप्या उजेडात आपल्याच काही तुकड्यांवरही मारा झाला. लगेच व्हँपायर आणि तुफानी आघाडीवरून मागे घेण्यात आली आणि पुढे नॅट ही छोटी, चपळ लढाऊ विमानं आणली गेली. ३ सप्टेंबरला ट्रेव्हर कीलर यांनी नॅटमधून सेबरशी झुंज दिली आणि त्यांना वीरचक्र मिळालं. एका दिवसात चूक ओळखून विमानांचा प्रकार बदलणं, नुकसान मान्य करून पुढची चाल खेळणं, मला या युद्धातला त्यांचा सर्वांत चांगला निर्णय हा वाटतो.

सगळंच चांगलं झालं नाही. ६ सप्टेंबरला लष्कराने लाहोरच्या दिशेने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली. त्या सकाळी रस्त्यावर पुढे सरकणाऱ्या आपल्या तुकड्यांवर पाकिस्तानी सेबर तुटून पडली, आणि डोक्यावर आपली विमानं नव्हती. लष्कर आणि हवाई दलाने एकत्र बसून त्या हल्ल्याची नीट आखणी केलेली नव्हती. त्याच संध्याकाळी पठाणकोटवर हल्ला झाला आणि जमिनीवर उभी असलेली सुमारे दहा विमानं जळाली, त्यात अगदी नवी दोन मिग-२१ होती. ७ तारखेला पश्चिम बंगालमध्ये कलाईकुंडाला तसंच झालं. त्याच दिवशी आपण सरगोधा या पाकिस्तानी हवाई तळावर चढाई केली. मिस्टिअरमधून गेलेले स्क्वॉड्रन लीडर देवय्या परतले नाहीत. त्यांनी त्या दिवशी पाकिस्तानच्या स्टारफायटर विमानाला दिलेली झुंज उजेडात यायला बरीच वर्षं लागली आणि महावीरचक्र मरणोत्तर १९८८ मध्ये मिळालं. २३ सप्टेंबरला युद्धबंदी झाली. विमानांच्या नुकसानीचे दोन्ही बाजूंचे आकडे आजही जुळत नाहीत, त्यामुळे भाषणात त्या वादात शिरू नका.

युद्धानंतर त्यांना पद्मविभूषण मिळालं. १९६६ मध्ये हवाई दल प्रमुखाचं पद एअर चीफ मार्शलच्या हुद्द्याचं झालं आणि ते पहिले एअर चीफ मार्शल ठरले. मुलांना हे हुद्दे सोपे करून सांगा: लष्करातला जनरल तो हवाई दलातला एअर चीफ मार्शल, लेफ्टनंट जनरल तो एअर मार्शल. १९६६ पर्यंत हवाई दल प्रमुख लष्करप्रमुखापेक्षा एक पायरी खाली बसत असे. बैठकीत कोणाचं म्हणणं आधी ऐकलं जातं यावर अशा पायऱ्यांचा परिणाम होतोच, म्हणून ती बढती एका माणसापुरती नव्हती.

जुलै १९६९ पर्यंत ते पदावर राहिले, जवळजवळ पाच वर्षं. यातली युद्धानंतरची चार वर्षं माझ्या दृष्टीने युद्धाइतकीच मोलाची. पठाणकोटला विमानं उघड्यावर उभी होती म्हणून जळाली. युद्धानंतर तळातळावर ब्लास्ट पेन बांधायला घेतले गेले. ब्लास्ट पेन म्हणजे एका विमानापुरता जाड भिंतींचा, मातीने झाकलेला निवारा. शेजारी बॉम्ब पडला तरी आतलं विमान वाचतं, आणि एक पेटलं तरी ओळीने सगळी पेटत नाहीत. विमानं विखरून ठेवायची, वरून ओळखू येणार नाहीत अशी रंगवायची, झाकायची, हेही अंगवळणी पाडलं गेलं. आपल्या नाशिकजवळ ओझरला मिग-२१ बनवायचा कारखाना याच वर्षांत उभा राहिला. १९६७ मध्ये मारुत हे स्वदेशी लढाऊ विमान स्क्वॉड्रनमध्ये दाखल झालं, १९६८ मध्ये सुखोई-७ आलं. हैदराबादजवळ दुंडीगलला हवाई दल अकादमीची पायाभरणी १९६७ मध्ये झाली.

३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानने पठाणकोट, अमृतसर, श्रीनगरसह आपल्या तळांवर एकाच वेळी हल्ले केले. १९६५ सारखं नुकसान करायचा बेत होता. धावपट्ट्यांना खड्डे पडले, ते रातोरात बुजवले गेले. विमानं मात्र पेनमध्ये सुखरूप होती आणि पहाटे उडाली. तेव्हा प्रमुख होते एअर चीफ मार्शल प्रताप चंद्र लाल. लाल १९६५ मध्ये अर्जन सिंगांचेच उपप्रमुख होते, त्यांनी ती जळालेली विमानं जवळून पाहिली होती, आणि लष्कराशी मिळून आखणी करण्यात त्यांनी कसूर ठेवली नाही. १९७१ चं श्रेय लालना पुरेपूर द्या. पण त्या संध्याकाळी भिंतीआड उभ्या असलेल्या प्रत्येक विमानामागे आधीच्या प्रमुखाच्या काळात शिकलेला धडा होता. अर्जन सिंग तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये भारताचे राजदूत होते.

निवृत्तीच्या वेळी ते फक्त पन्नाशीचे होते. प्रमुखपदावर असेपर्यंत त्यांनी स्वतः विमान उडवणं सोडलं नव्हतं. साठाहून अधिक प्रकारची विमानं त्यांनी हाताळली. पुढे ते केनियात उच्चायुक्त होते, अल्पसंख्याक आयोगावर होते आणि १९८९-९० मध्ये दिल्लीचे नायब राज्यपाल. हा भाग भाषणात दोन वाक्यांत उरका. त्याऐवजी हे सांगा की दिल्लीजवळची शेती विकून आलेले दोन कोटी रुपये त्यांनी निवृत्त हवाई सैनिकांच्या कल्याणासाठी दिले.

आता पाच ताऱ्यांचा प्रश्न. सॅम माणेकशा १९७३ मध्ये फील्ड मार्शल झाले, करिअप्पा १९८६ मध्ये. अर्जन सिंगांना जानेवारी २००२ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, हा मान मिळाला. या हुद्द्यासोबत कोणतीही कमांड येत नाही. पाच ताऱ्यांचा अधिकारी मरेपर्यंत सेवेत मानला जातो, गणवेश घालू शकतो, एवढंच. तो केव्हा आणि कोणाला द्यायचा हे सरकार ठरवतं. मानपत्रांत १९६५ चा उल्लेख पहिला येतो हे साहजिक आहे, पण हवाई दलातल्या कोणालाही विचारा, एका लढाईपेक्षा एका दलाची उभारणी हे त्यामागचं मोठं कारण वाटतं. मलाही तसंच वाटतं. हवाई दलात आजवर हा हुद्दा आणखी कोणालाही मिळालेला नाही.

एक दृश्य मात्र तुमच्या विद्यार्थ्यांना फोटोसकट दाखवा. जुलै २०१५ मध्ये डॉ. कलाम यांचं पार्थिव पालम विमानतळावर आणलं तेव्हा ९६ वर्षांचे अर्जन सिंग चाकाच्या खुर्चीतून आले. पार्थिवासमोर ते खुर्चीतून उठले, ताठ उभे राहिले आणि सॅल्यूट केला. त्यांचं निधन १६ सप्टेंबर २०१७ रोजी झालं, ९८ व्या वर्षी. त्याच्या आदल्याच वर्षी पश्चिम बंगालमधल्या पानागढच्या तळाला त्यांचं नाव दिलं होतं.

वीस मिनिटांत हे सगळं बसणार नाही. नदीपात्रातला प्रसंग तीन मिनिटं, इंफाळ तीन, १ सप्टेंबर पाच, पठाणकोट आणि ब्लास्ट पेन मिळून पाच, उरलेल्यात बाकीचं, असं बसवा. फळ्यावर पठाणकोट, छांब, अखनूर आणि लाहोर हे चार ठिपके आधीच काढून ठेवा, नाहीतर मुलांना काहीच उमगणार नाही. आणि त्यांना 'फील्ड मार्शल' म्हणू नका. तो लष्कराचा हुद्दा. यांचा हुद्दा 'मार्शल ऑफ द इंडियन एअर फोर्स'.